दत्ताजीरावांची खुर्ची

हुपरी म्हणजे चांदीचं गाव. १९९०च्या सुमारास बँकेनं माझी तिथं बदली केली. दुपारी गल्लीतून निघालं की घराघरांतून बारीक ठोकठोक ऐकू यायची. उंबऱ्याशी बसून बायका पैंजणाच्या कड्या जोडायच्या, शेजारी मुलंही हात चालवायची.

त्याच दिवसांत आनंद यादवांची 'झोंबी' हाती आली. १९८७ सालच्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातलं कागल हुपरीपासून जवळच. त्यामुळं तो उसाचा मळा, ते गुऱ्हाळ, ती बोली, सगळं रोज समोर दिसणारं.

आनंदाला वडील शाळेतून काढून मळ्यात जुंपतात. मायलेक गुपचूप गावातल्या दत्ताजीरावांकडं जातात. ते वडिलांना बोलावून खडसावतात. पोरगं पुन्हा शाळेत जातं, पण अटींवर : अकरापर्यंत मळ्यात राबायचं, शाळा सुटली की गुरं राखायची, आणि कामाची घाई असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. वर्गात पोरं टिंगल करतात. पण सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन शिकवतात आणि हा नादावतो. मास्तरांनी दारातल्या वेलीवर कविता केलेली पाहून त्याला धीर येतो, की आपल्या शेतामळ्यावरही कविता होऊ शकते. कागद-पेन्सिल नसली तर तो म्हशीच्या पाठीवर काडीनं ओळी लिहितो.

या पोराचं मोठं होणं मला कुठं दिसलं सांगू? पूर्वी उसाला पाणी पाजताना एकटेपण त्याला खायला उठायचं. आता एकटं असलेलंच बरं वाटतं. मोकळ्या गळ्यानं गाता येतं, नाचता येतं. मळा तोच, कष्ट तेच, बापही तोच. बदलला तो आतला मुलगा. परीक्षांच्या निकालाआधीच तो इथं मोठा झाला.

आता माझी गोष्ट. बँकेत एक कारागीर यायचा. त्याला लिहिता येत नसे. स्लिप मुलगा भरायचा. अक्षर मोत्यासारखं. एकदा बाप म्हणाला, "सायेब, औंदा ह्येला कामावरच बसवतो. हातात कला आसल्यावर शाळा कशाला पायजे?" पोरगं माझ्या तोंडाकडं बघत होतं. हप्ता न चुकवणारं गिऱ्हाईक. मी हसलो आणि सही केली.

त्या रात्री खोलीवर दत्ताजीरावांचा प्रसंग पुन्हा वाचला. सकाळी त्यांच्या घरी जायचं ठरवलं. सकाळ उजाडली ती मार्चअखेरच्या हिशेबांची. गेलो नाही. पुढच्या खेपेला बाप एकटाच आला. स्लिप शिपायानं भरून दिली, खाली अंगठा उठला.

त्या बापाला मी दोष देत नाही. हातावर पोट असलं की पोराचे दोन हात आधी दिसतात, डोळे नंतर. पण आनंदापाशी जिद्द होती, पाठीशी आई होती; तरी वजनदार माणसानं शब्द टाकल्याशिवाय त्याला शाळेची वाट मोकळी झाली नाही. हुपरीत त्या दिवशी दत्ताजीरावांची खुर्ची माझ्याकडं होती.

पुढं माझी बदली झाली. मी कादंबऱ्या लिहिल्या, निवृत्त झालो. ते मोत्यासारखं अक्षर मात्र पुन्हा कुठल्या कागदावर उमटलं का, हे विचारायला मी कधी हुपरीला गेलो नाही.