डोंगरपायथ्याची घरगुती खानावळ आणि शेतकरी

घाटाखालीं वाटसरूस भाकरी व पडवी देणें हा ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या तालुक्यांस नवा प्रघात नव्हे. मुरबाडकडून जुन्नराकडे चढणारा नाणेघाट हा सातवाहनांचे काळीं कल्याण व सोपारा या बंदरांचा माल देशावर नेण्याचा मार्ग होता. घाटमाथ्याच्या लेण्यांत राणी नागनिकेचा शिलालेख आहे, खडकांत पाण्याचीं टांकीं खोदलेलीं आहेत, आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण अद्याप तेथें उभा आहे. जेथें वाटसरू थांबतो तेथें कोणाची तरी चूल पेटते, हा नियम त्या काळींही असलाच पाहिजे. पुढें १८६५ सालीं आगगाडी कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीस पोंचली, आणि बैलांच्या तांड्यांच्या वाटा हळूहळू ओस पडल्या.

आतां वाटसरू पुन्हां येऊं लागला आहे. तो व्यापारी नव्हे. दोन दिवसांची विश्रांति शोधणारा मुंबई-ठाण्याकडील नोकरदार आहे. कोणी माहुलीचा किल्ला चढावयास येतो, कोणी माळशेजचे धबधबे पहावयास, तर कोणी केवळ झाडाखालीं पडून राहावयास. त्याच्या पानावर भाकरी वाढणारा हात जमिनीच्या धन्याचा असेल, कीं जो काल धनी होता व आज चाकर झाला त्याचा असेल, हा या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यापुढें आज खरा प्रश्न आहे. रस्त्यालगतच्या जमिनी शहरवासीयांनीं बंगल्यांसाठीं घेतल्या. विक्रीचा पैसा लग्नकार्यांत व वाहनांत गेला. आणि ज्यानें बांध घातले तोच कुंपणाच्या दारावर राखण करीत बसला, अशीं उदाहरणें वाचकांनीं स्वतः पाहिलीं असतील.

याच्या उलट एक उदाहरण आम्ही पौष महिन्यांत, म्हसा येथील यात्रेच्या सुमारास, समक्ष पाहिलें. टोकावड्याच्या पुढें, माळशेजच्या सडकेपासून थोडें आंत, एका भातशेतकरी कुटुंबानें आपल्या राहत्या घरास लागून दोन खोल्या व एक रुंद पडवी बांधली आहे. भिंती साध्या, वर कौलें, जमीन शेणानें सारवलेली. पाहुण्यांसाठीं वेगळें जेवणघर नाहीं. घरच्या माणसांबरोबर एकाच पंगतीस बसावयाचें, आणि घरांत जें शिजेल तें जेवावयाचें. आम्हांस नव्या तांदळाची भाकरी, वालाचें बिरडें, कुळथाचें पिठलें, सुकटीची चटणी व शेवटीं वाफाळलेला भात मिळाला. मीठ, तेल, मसाल्याचे कांहीं जिन्नस व सुकट एवढेंच बाजारचें. बाकी सारें घरच्या शेतांतलें अगर परसांतलें.

या घराचे नियम थोडे पण कडक आहेत. आगाऊ कळविल्यावांचून पाहुणा घेत नाहींत. एका वेळीं दहा माणसांहून अधिक घेत नाहींत. मद्यपानास मुळींच थारा नाहीं. पाहुण्यांचें येणें-जाणें मुलगा दूरध्वनीवरून ठरवितो, आणि स्वयंपाक सासू व सून मिळून करितात. महिन्याअखेर जी रक्कम उरते तींतून प्रथम त्या दोघींची मजुरी बाजूस काढली जाते, व मगच उरलेल्यास नफा म्हणतात. ही रीति आम्हांस फार मोलाची वाटली. ज्या हिशेबांत गृहिणीचे कष्ट फुकट धरलेले असतात तो हिशेब कागदावर कितीही गोमटा दिसला तरी खोटा होय. आणि असा धंदा दोन-चार वर्षांत घरांतील बायका थकल्या कीं आपोआप बंद पडतो.

अशा खानावळीपासून भातशेतीस काय लाभ होतो, हें थोड्या अंकगणितानें स्पष्ट होईल. सन २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठीं साधारण भातास क्विंटलमागें २,३६९ रुपये आधारभाव जाहीर झाला. एक किलो तांदूळ निघण्यास सुमारें दीड किलो भात लागतो. म्हणजे त्या भाताचे साडेपस्तीस रुपयांच्या आसपास झाले. एक किलो तांदळांत आठ माणसें एक वेळ जेवतात असें धरल्यास ताटामागें शेतकऱ्याच्या धान्याचे साडेचार रुपयेही पडत नाहींत. तोच भात आपल्या ओटीवर पान मांडून वाढला, म्हणजे भरडाई, शिजविण्याचें कसब, परसांतील भाजी व घरचें अगत्य यांचें मोल दुसऱ्याच्या हातीं न जातां घरींच राहतें. मात्र सरपण, साबण, अंथरूण-पांघरुणाची धुलाई, वीज व खोल्यांची डागडुजी हा खर्च वजा केल्यावांचून कोणी आनंद मानूं नये.

सर्वांत मोठी अडचण निराळीच आहे. शहरचा पाहुणा आषाढ-श्रावणांत, धबधबे वाहूं लागले म्हणजे, झुंडीनें येतो; आणि नेमके तेच दिवस लावणीचे असतात. त्या पंधरवड्यांत रोप उपटून चिखलांत लावावयाचें, कीं पाहुण्यांस चहा द्यावयाचा? वर सांगितलेल्या कुटुंबानें याचा निकाल सरळ लावला आहे : लावणी पुरी होईपर्यंत खोल्यांस कुलूप. शिवाय अपघातांच्या भीतीनें धबधब्यांवर जाण्यास सरकारी मनाईचे हुकूम अनेक पावसाळ्यांत निघाले आहेत, तेव्हां केवळ पावसाळी गर्दीवर भिस्त ठेवणें शहाणपणाचें नव्हे. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंतचा काळ या धंद्यास उत्तम. भात घरांत आलेला असतो, हवा थंड असते, वाल व भाजीपाला शेतांत उभा असतो, आणि हाताला सवडही असते.

शहापूर तालुक्यास आसनगांव, आटगांव, खर्डी या स्थानकांमुळें आगगाडीची सोय आहे, परंतु तेथें दुसरी अडचण पाण्याची. मुंबईस पाणी पुरविणारीं तानसा व भातसा हीं धरणें याच तालुक्यांत. तरी उन्हाळ्यांत कित्येक पाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणीं चैत्र-वैशाखांत पाहुणे घेणें म्हणजे शेजाऱ्याच्या हंड्यांतलें पाणी विकणें होय. आपल्या विहिरीचें पाणी किती महिने पुरतें हें पाहून मगच खोल्यांची संख्या ठरवावी. शौचाचा खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर व उताराच्या बाजूस असावा, आणि पिण्याचें पाणी उकळूनच द्यावें.

इटली देशांत १९८५ सालीं शेतावरील पाहुणचाराविषयीं कायदा झाला, व २००६ सालीं त्याच्या जागीं नवा आला. दोहोंचें मुख्य सूत्र एकच : शेती हें खोड, पाहुणचार ही फांदी. खोड तोडून फांदी जगविण्यास तेथें परवानगी नाहीं. आपल्याकडे कर्जत तालुक्यांत नेरळजवळ श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं सगुणा बागेंत भातशेती, मत्स्यपालन व पाहुणचार यांची सांगड घालून दाखविली आहे, व महाराष्ट्र सरकारनेंही २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. त्याखालीं एकट्या शेतकऱ्यास, तसेंच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांस, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करितां येते. जेवण विकावयाचें तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें वेगळी नोंदणीही हवी; ती टाळूं नये.

ज्यांस हा जोडधंदा करून पाहावयाचा असेल त्यांस आमची सूचना एवढीच कीं, आरंभीं कर्ज काढून इमारत उभारूं नये. असलेली पडवी झाकावी, शौचकूप व न्हाणीघर स्वच्छ करावें, आणि एक हंगाम चार-सहा पाहुणे घेऊन हिशेब मांडावा. त्या हिशेबांत घरच्या बायकांची मजुरी पहिल्या ओळींत लिहावी. उरेल तेवढ्यांतूनच दुसरी खोली बांधावी. असें केल्यास वाढ सावकाश होईल खरी. पण सात-बाराच्या उताऱ्यावरील नांव आपलेंच राहील, आणि पाहुण्यास वाढतांना मान खालीं घालण्याची वेळ येणार नाहीं.