पेव, कोठा आणि कोठार



वऱ्हाडातील जुन्या वाड्यांविषयी बोलू लागलो की आपण दरवाजाचे, नक्षीच्या खांबांचे आणि देवघराचेच वर्णन करतो. मागील आवारातील धान्याचे पेव, बैलांचा कोठा, कापसाची खोली यांकडे आपले लक्ष जात नाही. वस्तुतः वाडा पोसला तो त्यांनीच.

बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा हे गाव आहे. उत्तरेस अंबाबरव्याचे जंगल, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन. ज्वारी आणि कापूस ही या पट्ट्यातील जुनी पिके, आणि मोठ्या शेतकऱ्याच्या आवाराची मांडणी याच पिकांनी ठरविली. त्यातील पेव ही मोठी शहाणपणाची योजना होती. जमिनीत खणलेल्या या खड्ड्याचे तोंड लहान व पोट मोठे असे. तोंड घट्ट बंद केले म्हणजे धान्याच्या व किड्यांच्या श्वासाने आतील प्राणवायू संपे आणि कीड मरून जाई. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहावयाचा; तो विझला तर थांबावयाचे.

ही व्यवस्था एकाएकी मोडली नाही. 1853 साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडी कापसास भाव आला. 1870 साली खामगावापर्यंत रेल्वेचा फाटा पोहोचला. शेतात कापूस वाढला, तशी त्याला वाड्यातही जागा लागू लागली. पुढे 1961 च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्याने आणि भाऊबंदांच्या वाटण्यांनी शेती आटोपशीर झाली. मजुरी धान्याऐवजी रोख मिळू लागली. पेवाचे काम गेले. बुटक्या संकरित ज्वारीने कडबा कमी झाला, सोयाबीनने तो मिळेनासाच केला. ट्रॅक्टर आला आणि बैलांचा कोठाही ओस पडला.

काम गेले म्हणजे इमारत जाते, हा अनुभव आपलाच नव्हे. इंग्लंडातही मळणीयंत्रे आल्यावर मोठमोठी कोठारे रिकामी झाली, आणि पुष्कळांची पुढे राहती घरे झाली. मात्र तेथील दगडी भिंती काही वर्षे वाट पाहू शकतात. आपल्या मातीच्या धाब्याला ती सवलत नाही. पावसाळ्यापूर्वी त्यावर माती टाकून ती चोपावी लागते, आणि रिकाम्या खोलीसाठी हे कष्ट कोण घेणार? दोनचार पावसाळे गेले की माळवद बसते.

म्हणून नवे काम शोधले पाहिजे. पण तेही इमारतीच्या प्रकृतीला मानवणारे हवे. ट्रॅक्टर आत जावा म्हणून वर भक्कम आधार न देता कोठ्याची भिंत फोडली, तर वरचा भार कोणी झेलावा? रासायनिक खताची पोती मातीच्या भिंतीला लावून ठेवली, तर क्षार आणि ओल यांनी तिचे पोपडे सुटतात. निकामी पेव उघडे राहिले तर पाणी मुरून शेजारचा पाया खचतो, शिवाय एखादे मूल आत पडण्याची भीती. ते मुरूम भरून दाबून टाकणेच बरे.

उलट, जमिनीपासून उंच, कोरडे कोठार आजही शेतकऱ्याच्या उपयोगी आहे. काढणीच्या वेळी बाजारात एकच गर्दी होते आणि भाव पडतो. माल ठेवावयास जागा नसलेल्याला तो त्याच दिवशी विकावा लागतो. कोठारात फळ्या टाकून तूर, सोयाबीन चारदोन महिने सुरक्षित राहिले, तर तेवढा काळ थांबण्याचे सामर्थ्य त्याला येते. हवेशीर कोठ्यात मुलांची अभ्यासिका बसू शकते. अंबाबरव्याचे अभयारण्य पाहावयास येणाऱ्यांची साधी उतरण्याची सोयही तेथे होऊ शकेल.

तेव्हा आपल्या आवारातील जुनी खोली पाडण्यापूर्वी एवढे तरी करावे: ती कोणत्या कामासाठी बांधली होती हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि त्या कामाच्या जवळचे आजचे काम कोणते, याचा विचार करावा. ते सापडले, तर पुढच्या मृगापूर्वी धाब्यावर माती टाकण्यास कोणाला सांगावे लागणार नाही.