मोबाइलची कुंडली मांडताय?

डोंबिवली फास्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते, पण प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतोच. या मोबाइलचा पर्यावरणावर भार किती? डोंबिवलीतल्या एका कॉलेजात मी हाच हिशेब पोरांकडून करून घेते. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं केलं. पण ‘पासिंगपुरता सब्जेक्ट’ हा शिक्का काही पुसला जात नाही. म्हणून पुस्तक बाजूला, फोन बाहेर!

प्रश्न पहिला : चार्जिंगला वीज किती? ५००० एमएएचची बॅटरी रोज पूर्ण चार्ज केली, तरी वर्षाला जेमतेम ९-१० युनिट. दीड टनाचा एसी एका रात्रीत जवळपास तेवढी खातो. ‘बस्स, एवढंच?’ वर्ग खूश.

प्रश्न दुसरा : फोन बनवताना? अ‍ॅपलच्याच आकडेवारीनुसार आयफोन १३ च्या एकूण कार्बन भारापैकी सुमारे ८० टक्के उत्पादनातच पडतो. म्हणजे बॉक्स उघडण्याआधीच! वर्ग गप्प.

प्रश्न तिसरा : जुना फोन कुठे जातो? ड्रॉवरमध्ये, नाहीतर भंगारात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण फोन अधिकृत केंद्रापर्यंत पोहोचलाच नाही, तर नियम काय करणार?

आता उत्तर पोरंच काढतात. दोनऐवजी चार वर्षं फोन वापरला, की उत्पादनाचा वर्षाचा भार निम्मा. तेव्हा ठाण्याच्या मॉलमध्ये एक्स्चेंज ऑफर खुणावेल, तेव्हा आधी एवढंच विचारा : नुसती बॅटरी बदलून भागेल का?