उताऱ्यावर चालणारे कारखाने

डबल रोलर जिनच्या आत काय चालतं ते पाहायचं तर वाकावं लागतं आणि कानाशी घोंघावणारा आवाज सोसावा लागतो. सुमारे मीटरभर लांबीचे दोन रोलर एकमेकांच्या उलट दिशांनी फिरत असतात. चामड्याच्या चकत्या एकीला एक दाबून ते बनवलेले असतात. प्रत्येक रोलरला घट्ट टेकलेली एक सुरी स्थिर असते आणि दोन्ही रोलरच्या मधोमध दुसरी सुरी वेगाने हलत राहते. कापसाचे तंतू चामड्याच्या खरबरीत अंगाला चिकटतात आणि स्थिर सुरीखाली ओढले जातात. सरकीचं बी मात्र त्या फटीतून जाऊ शकत नाही. ते तिथे अडतं, हलती सुरी त्याला झोडपते, तंतू सुटतात आणि उघडी पडलेली सरकी जाळीतून खाली गळते. एका बाजूला रुई, दुसऱ्या बाजूला सरकी. अशा जिनांची एक लांब रांग अकोला-दर्यापूर रस्त्यावरच्या या जिनिंगमध्ये भर हंगामात रात्रंदिवस चालू असते.

चाकणच्या मोटार कारखान्यात हजारो सुटे भाग एका टोकाला येतात आणि दुसऱ्या टोकाला गाडी बाहेर पडते. उत्पादनपद्धतीची पुस्तकं बहुधा असाच कारखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात: एकेक नग घडवणारं जॉब-वर्क, तुकडीने माल काढणारी बॅच पद्धत, अखंड वाहणारं प्रवाही उत्पादन. वऱ्हाडातले आमचे मुख्य कारखाने जोडत काहीच नाहीत. ते शेतातून आलेली एक वस्तू घेतात आणि तिचे भाग वेगळे करतात. म्हणून इथे पहिला प्रश्न असतो, उतारा किती? शंभर किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते. उरलेलं बहुतेक सरकी, थोडी घट आणि कचरा. उताऱ्यात एक टक्क्याचा फरक पडला, तर 100 क्विंटल कापसामागे एक क्विंटल रुई कमी किंवा जास्त. मालकाचा नफा याच एका टक्क्यात असतो. तो टक्का शेतात, वाणात, वेचणीत आणि पावसात ठरलेला असतो. यंत्र त्यात भर घालू शकत नाही. फार तर निष्काळजीपणाने घालवू शकतं.

आवारात कापसाचे ढीग होते, शेजारी शेजारी, पण एकमेकांत न मिसळलेले. एका ट्रॉलीच्या कापसात मुनिमाने हात खुपसला, मूठ दाबून सोडली आणि मग आर्द्रता मोजायचं यंत्र आत रोवलं. आकडा बघायच्या आधीच तो म्हणाला, "माल वला हाय भाऊ. वायू द्या लागते." यंत्रानेही तेच सांगितलं. आठ टक्क्यांच्या आसपास ओल हवी. त्याहून जास्त असली तर तंतू रोलरवर गुंडाळतो, रुईत गाठी पडतात, सुरी तापते. फारच कोरडा असला तर तंतू तुटतो. मुठीवरून ओल ओळखणारा तो माणूस मला त्या आवारातला सर्वांत महत्त्वाचा तंत्रज्ञ वाटला. त्याच्या पगारपत्रकात तसं कुठे लिहिलेलं नसेल.

ढिगापाशी बायका कापूस निवडत होत्या: कवडी, पाला, आणि सर्वांत घातक म्हणजे खताच्या पोत्याचा प्लॅस्टिकचा धागा आणि गुटख्याच्या पुड्या. तो एक धागा पुढे सुतात जातो, कापडात जातो आणि रंगवताना पांढरा राहून उघडा पडतो. तेव्हा अख्खा तागा दुय्यम ठरतो. 2000 साली केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, त्यात जिनांच्या आधुनिकीकरणाला पैसा मिळाला. डोक्यावरून रुई वाहणं गेलं, नळ्या आणि पट्टे आले. निवडणारे हात मात्र राहिले. त्यांच्या नाकावर ओढणीचा पदर होता. हवेत तरंगणारी तंतूंची आणि चामड्याची धूळ त्या पदराला अडत नाही. चांगला मास्क आणि धूळ खेचणारे पंखे ही या धंद्यात चैन समजली जाते, ती समजूत बदलायलाच हवी.

जिनमधून निघालेली रुई पाला हाऊसमध्ये येते. तिथे तिला थोडा वेळ टेकू देतात, हवेतली ओल पुन्हा धरू देतात आणि मग प्रेसमध्ये घालतात. डोंगराएवढी दिसणारी रुई पाहता पाहता एका पेटीत बसते. लोखंडी पट्ट्या आवळल्या जातात, वर सुती कापड चढतं, काट्यावर 170 किलो भरतात. एका गाठीमागे सुमारे पाच क्विंटल कापूस लागलेला असतो. गाठीवर प्रेसचा शिक्का आणि क्रमांक पडतो. शंभर गाठींचा एक लॉट. इथे जे अखंड प्रवाहासारखं वाटत होतं ते तुकड्यांत मोडतं, आणि ते मोडणंच मोलाचं आहे. सूतगिरणीला एकसारख्या लांबीचा, एकसारख्या बारीकपणाचा लॉट हवा असतो. आवारातले ढीग वेगळे ठेवले तरच तो मिळतो. अमेरिकेत दातेरी चकत्यांचे सॉ-जिन चालतात, ते झपाट्याने काम उरकतात पण तंतूला मार बसतो. आपले रोलर सावकाश चालतात आणि तंतूची लांबी राखतात. एवढं राखून ढीग मिसळायचे, तर सगळी मेहनत वाया.

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये हीच सोडवणूक, पण वेळ निराळा. तूर हट्टी असते. हरभऱ्याचं टरफल लवकर सुटतं. तुरीत टरफल आणि डाळिंबी यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो. म्हणून आधी तूर चाळून आकाराप्रमाणे वेगळी करायची, मग एमरीच्या रोलमधून काढून तिच्या अंगावर नुसते ओरखडे पाडायचे. त्या ओरखड्यांतून आत जाईल इतकं थोडं तेल लावायचं आणि ढीग करून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी यार्डावर पसरायचं. उन्हात टरफल आकसतं, डिंक वाळतो. मग पाण्याचा हबका, पुन्हा ढीग, पुन्हा रोल. पहिल्या फेरीत निम्म्याच्या आसपास तूर सोलून निघते, उरलेली पुन्हा त्याच वाटेने. एक तुकडी पुरी व्हायला चार-पाच दिवस सहज जातात आणि त्यातले बहुतेक तास यंत्र काहीच करत नसतं. काम ऊन करतं.

त्या काँक्रीटच्या विस्तीर्ण यार्डावर दुपारी पाय ठेववत नव्हता. लाकडी पावड्यांनी तूर ओढणाऱ्या मावशी ठरावीक वेळाने तिला उलटत होत्या. वरचा थर जास्त वाळला तर डाळ रोलमध्ये फुटते, चुरी वाढते, म्हणजे उतारा पडतो. सुरुवातीला मला हे यार्ड म्हणजे कारखान्याबाहेरची मोकळी जागा वाटेल अशी भीती मालकाला वाटली असावी. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "खरी मिल हे यार्डच हाय." आता ड्रायर आले आहेत, पावसाळ्यातही काम थांबत नाही. पण ड्रायरला सरपण किंवा वीज लागते, आणि वऱ्हाडाचं ऊन फुकट आहे. शेवटी सॉर्टेक्स यंत्रात कॅमेरा एकेक दाणा पाहतो आणि काळपट दाणा हवेच्या फुंकरीने बाजूला उडवतो. शंभर किलो तुरीतून 70-75 किलो डाळ. बाकी चुनी, चुरी, टरफल, आणि तेही सगळं ढोरांच्या खाद्यात विकलं जातं.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने याच कामाची लहान आवृत्ती काढली, पीकेव्ही मिनी डाळ मिल. गावातले बचत गट ती चालवतात. एका खोलीत बसेल असा तो कारखाना आहे आणि तुरीऐवजी डाळ विकण्याची संधी तो शेतकऱ्याच्या दारात नेतो. मोठ्या मिलपेक्षा मला त्याचं अप्रूप जास्त आहे.

सरकीची वाटही वऱ्हाडातच पुढे सरकते. तेलघाण्यात तेल आणि ढेप. सरकी ढेपेचा वायदा देशाच्या बाजारात अकोल्याच्या नावाने ओळखला गेला आहे.

मग रुईच तेवढी बाहेर का जाते? अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवीने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर स्थिरावली. भुसावळहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून 1867 मध्ये नागपूरला पोचली. जिन आणि प्रेस तिच्या रुळांच्या कडेने उभे राहिले. 1886 मध्ये कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आला. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे किलिक निक्सन कंपनीची अरुंद रुळांची शकुंतला धावू लागली. या साऱ्या रचनेचा हेतू गाठ लवकरात लवकर मुंबईला नेणं हा होता. अकोल्याची सावतराम मिल ही त्याला उत्तर देणारी जागा होती, ती गेली. अचलपूरची फिनले मिल 2020 च्या टाळेबंदीत थांबली आणि तिथल्या कामगारांची वाट पाहणं लांबत गेलं. अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापडउद्योगाचे मोठे कारखाने आहेत आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या पीएम मित्रा पार्कची पायाभरणी झाली.

या पार्कला शेजारचाच कापूस लागेल असं गृहीत धरणं चूक ठरेल. सूतगिरणी जवळची गाठ घेत नाही, एकसारखी गाठ घेते. पार्क आणि जिन यांच्यात खरेदीचा असा करार हवा की ज्यात वेगळ्या ठेवलेल्या ढिगाला, निवडलेल्या कापसाला आणि मोजलेल्या ओलीला वाढीव भाव मिळेल, आणि तो भाव ट्रॉली घेऊन आलेल्या शेतकऱ्यापर्यंतही पोचेल. जिनमालकांना हे पटतं. जूनमध्ये जिन थंड झाल्यावर फिटर रोलरच्या झिजलेल्या चकत्या बदलतो, त्यांवर नव्या खाचा पाडतो, सुऱ्यांना धार लावतो. प्रत्येक रोलरची झीज वेगळी, म्हणून प्रत्येकाचं काम वेगळं. तो फिटर मला म्हणाला की या दिवसांतल्या त्याच्या कामावर पुढच्या दिवाळीनंतरचा उतारा ठरतो. लॉट वेगळे ठेवायला आवारात आणखी दोन ओटे बांधायचं दर्यापूर रस्त्यावरच्या त्या जिनच्या मालकाने याच दिवसांत ठरवलं होतं. जागा आखून झाली होती, गिट्टी येऊन पडली होती.