जुन्या स्पोर्ट्स कारला नवे ब्रेक पार्ट घेताय? लाल कॅलिपरच्या आधी हे वाचा

इन्स्टाग्रामवर जुन्या स्पोर्ट्स कारचं रील आलं की त्यात एक शॉट हमखास असतो. चाकाच्या आतून डोकावणारा लालभडक कॅलिपर आणि भोकं पाडलेली चकचकीत डिस्क. खाली कमेंट्स पडतात, ‘ब्रेक असावेत तर असे!’

पण त्या भोकांमुळे गाडी लवकर थांबते का? रोजच्या रस्त्यावर, नाही. उलट तीस वर्षं जुन्या गाडीला चुकीचे पार्ट बसवले तर ऐन वेळी मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गरकन फिरू शकते. म्हणजे पैसेही गेले आणि जीवही धोक्यात.

मग अशा गाडीसाठी ब्रेकचे पार्ट निवडायचे तरी कसे? एका खऱ्या गाडीच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

उदाहरणाला कोणती गाडी?

माझदा एमएक्स-५. अमेरिकेत हिला ‘मियाटा’ म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन सीट, उघडं छप्पर आणि वजन साधारण एक टनाच्या आसपास. एप्रिल २०१६ मध्ये या मॉडेलच्या गाड्यांचा आकडा १० लाखांवर गेला. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये हा विक्रम आहे.

भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेली नाही. पण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात ती सेकंडहँड बाजारात सहज दिसते, त्यामुळे तिथे राहणाऱ्या मराठी कारप्रेमींना ती नवी नाही. तिचे पार्टही भरपूर मिळतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ब्रेक नेमकं काय करतात?

ब्रेक गाडीच्या वेगाचं उष्णतेत रूपांतर करतात. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनवर येतो, पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो आणि घर्षणातून उष्णता तयार होते.

वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. म्हणजे ५० च्या वेगात थांबताना जेवढी उष्णता तयार होते, त्याच्या चौपट १०० च्या वेगात. खंडाळ्याचा घाट उतरताना पुढच्या ट्रकच्या चाकांतून येणारा जळका वास तुम्हाला आठवत असेल. तो याच उष्णतेचा.

ही उष्णता हाताबाहेर गेली तर ब्रेक दोन प्रकारे दगा देतात.

पहिला प्रकार, पॅड तापतात. पेडल घट्टच लागतं, पण कितीही दाबलं तरी गाडी थांबत नाही. याला ‘फेड’ म्हणतात.

दुसरा प्रकार, ब्रेक ऑइल उकळतं. त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली बसतं.

हा फरक लक्षात ठेवा. पहिल्या प्रकाराचा इलाज पॅडमध्ये आहे, दुसऱ्याचा ऑइलमध्ये.

मग मोठे ब्रेक लावले की गाडी लवकर थांबेल?

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. गाडीला शेवटी थांबवतो तो टायर, कारण रस्त्याला तोच टेकलेला असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होत असेल किंवा एबीएस धडधडू लागत असेल, तर तुमच्या ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. आणखी मोठा कॅलिपर लावून त्यात भर पडणार नाही.

मोठ्या ब्रेकचा फायदा वेगळा आहे. ते जास्त उष्णता पचवतात, म्हणून पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारले तरी तसेच लागतात. रेस ट्रॅकवर याचा उपयोग होतो. ऑफिसला जाण्यायेण्यात होत नाही.

त्यामुळे टायर सात-आठ वर्षं जुने आणि कडक झालेले असतील, तर ब्रेक किटचे पैसे आधी टायरवर खर्च करा.

पहिला खर्च कशावर करायचा?

जे फोटोत दिसत नाही त्यावर.

ब्रेक ऑइल : आपण सवयीने ‘ऑइल’ म्हणतो, पण हे इंजिन ऑइलसारखं तेल नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे प्रकार हवेतला ओलावा शोषून घेतात. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं. आणि नावाला फसू नका. डॉट ५.१ चालतं, पण डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं आणि ते बाकीच्यांत मिसळत नाही.

रबरी होज पाइप : हे बाहेरून ठीक दिसतात आणि आतून फुगतात. कधी आतला रबर सुटून झडपेसारखा वागतो. दाब आत जातो, पण परत येत नाही. मग पेडल सोडलं तरी त्या चाकाचा ब्रेक लागलेलाच राहतो. होज तीस वर्षं जुने असतील तर विचार न करता बदला. स्टीलच्या जाळीचे होज घेतले तर पेडल घट्ट लागतं, पण त्याने थांबण्याचं अंतर कमी होत नाही.

कॅलिपर : एमएक्स-५ मध्ये एका पिस्टनचा, पिनांवर सरकणारा कॅलिपर आहे. पिना गंजल्या किंवा कोरड्या पडल्या की एकाच बाजूचा पॅड झिजतो आणि गाडी एका बाजूला ओढते. अनेकदा पिना साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावलं आणि रबर सील बदलले की काम होतं. नवा कॅलिपर लागतच नाही.

पॅड कोणते घ्यायचे?

‘सगळ्यात महाग’ हे याचं उत्तर नाही. गाडी कुठे चालणार, हे आधी ठरवा.

ट्रॅकसाठी बनवलेले पॅड गरम झाल्यावरच नीट पकडतात. सकाळी थंड गाडी काढली आणि पहिल्याच सिग्नलला कोणी आडवं आलं, तर हेच महागडे पॅड साध्या पॅडपेक्षा कमी पकड देतात. शिवाय आवाज करतात आणि डिस्क खातात. रोजच्या वापरासाठी आणि अधूनमधून डोंगररस्त्यावरच्या फेरीसाठी चांगल्या कंपनीचे रस्त्यासाठीचे पॅड पुरेसे आहेत.

खोक्यावर आणि पॅडवर काय बघायचं?

युरोपात विकल्या जाणाऱ्या पॅडवर ‘आर९०’ नियमाची खूण शोधा. गोलातलं ‘ई’ अक्षर आणि त्याच्याजवळ देशाचा आकडा. याचा अर्थ त्या पॅडची चाचणीतली कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के आत-बाहेर आहे.

अमेरिकेतल्या पॅडच्या कडेला दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं गरम झाल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. ‘एफ-ई’ दिसलं, तर तो पॅड तापल्यावर मऊ पडतो असं समजा. मात्र पॅड किती टिकेल, हे या अक्षरांवरून कळत नाही.

कुणाच्या गोदामात पडून असलेले जुने ‘नवे’ पॅड स्वस्तात मिळाले तरी टाळा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. अमेरिकेने सुट्या विकल्या जाणाऱ्या ब्रेक पार्टमध्ये क्रिसोटाइल अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घालणारा नियम तर थेट मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. जुन्या ब्रेकची धूळही हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

डिस्क भोकांची की साधी?

साधी. भोकं पाडली की डिस्कचं तेवढं लोखंड कमी होतं आणि उष्णता साठवायला जागा कमी होते. जोरदार वापरात याच भोकांच्या कडेने तडे जातात. चर पाडलेली डिस्क त्यामानाने बरी, पण रस्त्यावर तिचीही गरज नाही.

जुनी डिस्क वापरायची असेल तर जाडी मोजा. किमान जाडीचा आकडा बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेला असतो. त्याखाली गेली की ती भंगारात.

मोठी डिस्क बसवायचीच असेल तर?

एमएक्स-५ मध्ये माझदानेच एक चांगला रस्ता ठेवलाय. सुरुवातीच्या १.६ लिटर गाडीत पुढची डिस्क २३५ मिलिमीटरची आणि मागची २३१ ची होती. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटर इंजिन आलं, तेव्हा हे आकडे २५५ आणि २५१ झाले. म्हणजे कंपनीने पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखीच, २० मिलिमीटरची वाढ केली.

असं का? ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणून मागच्या ब्रेकला दाब कमी जावा यासाठी एक झडप असते. फक्त मागे जास्त पकडीचे पॅड लावले तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. फक्त पुढे दांडगे ब्रेक लावले तर पुढची चाकं आधी लॉक होतात, मागच्या टायरची पकड वाया जाते आणि थांबण्याचं अंतर वाढतं. एबीएस नसलेल्या गाडीत हे सावरायला कोणी नाही.

म्हणून १.६ वाल्या गाडीला १.८ चे ब्रेक बसवायचे असतील तर डिस्क, कॅलिपरचे ब्रॅकेट आणि पॅड चारही चाकांना एकत्र बदला. पॅडही पुढे-मागे एकाच प्रकारचे घ्या. त्याहून मोठी डिस्क घेताना आधी चाक मोजा. मूळ १४ इंची चाकात ती मावेलच असं नाही.

बसवताना काय चुकतं?

या गाडीचा हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच आहे. त्यामुळे मागचा पिस्टन क्लॅम्पने दाबून आत जात नाही. कॅलिपरच्या मागचा बोल्ट काढून आतला अ‍ॅलन स्क्रू फिरवावा लागतो. जोर लावला तर यंत्रणा मोडते.

पॅड बसवल्यावर ते डिस्कवर ‘बसू’ द्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून आठ-दहा वेळा वेग कमी करायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, मग ब्रेक थंड होऊ द्यायचे. नेमकी पद्धत पॅडच्या खोक्यावर असते, तीच पाळा.

आणखी एक, ब्रेक मूळपेक्षा वेगळे बसवले की कागदपत्रं आली. ब्रिटनमध्ये विमा कंपनीला तसं कळवावं लागतं. जर्मनीत मंजुरी नसलेला बदल केला तर गाडीचा रस्त्यावर चालवायचा परवानाच रद्द होऊ शकतो.

थोडक्यात क्रम असा

टायर, ब्रेक ऑइल, होज, कॅलिपरची दुरुस्ती, वापराप्रमाणे पॅड आणि साधी डिस्क. एवढं करूनही ट्रॅकवर ब्रेक तापत असतील, तर मग चारही चाकांना मोठे ब्रेक.

आणि लाल रंग आवडतच असेल, तर उष्णता सोसणारा पेंट मिळतो. मूळ कॅलिपर साफ करून त्यालाच लावा. रील तेवढंच भारी येईल.