पिस्तुलाची गोळी : तिची निवड आणि तिचा विवेक

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडांत एक लहानसें सूक्त आहे. आमची गाय, घोडा अगर माणूस मारणाऱ्यास आम्ही शिशानें वेधूं, अशा आशयाचें वचन त्यांत येतें. एवढ्याच आधारावर वेदकाळीं बंदुका होत्या असें प्रतिपादणारी मंडळी अधूनमधून भेटते. संदर्भ नीट पाहिला तर तसा अर्थ निघत नाहीं. पिशाचादिकांच्या निवारणाचें मंत्रद्रव्य, एवढेंच तेथें शिशाचें काम आहे. तथापि शिसें आणि वेध यांची सांगड पुरातन आहे हें खरें. पुढें कित्येक शतकांनीं बंदूक आली, तेव्हांही मनुष्यानें गोळीसाठीं निवडलें तें शिसेंच. जडपणा, मऊपणा आणि अवघ्या ३२७ अंश उष्णतेस वितळण्याचा गुण, हे तिन्ही एका स्वस्त धातूंत क्वचितच एकत्र येतात.

कुटुंबाच्या मासिकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. खानदेशांतील वाचकांनीं तरी तसें विचारूं नये. भुसावळ तालुक्यांतील वरणगांव येथें १९६४ सालीं काडतुसांचा सरकारी कारखाना निघाला. पुण्याजवळचा खडकीचा कारखाना त्याहून जुना, १८६९ सालचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे आहेत. वरणगांवच्या काडतुसांवर आपल्या भागांतील कित्येक घरांच्या चुली पेटल्या. पण त्या काडतुसाच्या टोंकाशीं बसलेली गोळी कोणी, कशी व कां निवडली, हें घरांतल्या चार माणसांस पुसलें तर उत्तर मिळत नाहीं. दुसरें असें कीं, आपल्या घरचीं मुलें आज अमेरिकेंत आहेत. तेथें नेमबाजाची झाडलेली काडतुसें घरींच पुन्हां भरण्याचा छंद राजरोस चालतो. मुलानें पत्रांत तसें लिहिलें, तर घरच्या वडील माणसांस दोन शहाण्या गोष्टी सांगतां आल्या पाहिजेत.

प्रथम कायदा सांगतों. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र-कायद्याच्या पांचव्या कलमान्वयें परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें हा गुन्हा आहे. आणि त्याच कायद्याच्या व्याख्येंत काडतुसाचे सुटे भाग व तीं बनविण्याचीं यंत्रें हींही दारूगोळ्यांतच मोडतात. म्हणून पुढील विवेचन हें येथें कोणीं घरांत साचा आणून शिसें ओतावें यासाठीं नव्हे. जेथें कायद्यानें मोकळीक आहे तेथें राहणाऱ्यानें निवड कशी करावी, आणि येथें राहणाऱ्यानें ती समजून कशी घ्यावी, एवढाच हेतु आहे.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्याचीं अंगें चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं बसविलेली स्फोटक टोपी, आंतील दारू आणि तोंडाशीं बसविलेली गोळी. ठासणीच्या बंदुकीच्या काळीं दारू, गोळी व टोपी हीं वेगवेगळीं बाळगावीं लागत. ज्याची बंदूक त्याचा साचा, अशी रीत होती. काडतुसानें तीं एका पुंगळींत आणलीं. बार झाल्यावर टोपी जळते, दारू संपते, गोळी निघून जाते. पुंगळी मात्र शाबूत राहते. तीच पुन्हां भरणें याचें नांव पुनर्भरण. .२२ च्या काडतुसाची गोष्ट वेगळी. त्याचें स्फोटक द्रव्य टोपींत नसून पुंगळीच्या कडेंत भरलेलें असतें, म्हणून तें व्यवहारांत पुन्हां भरतां येत नाहीं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालीं पालेंबांग येथें आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें तें याच जातीच्या काडतुसावर. गोळी निवडण्याचा प्रश्न खऱ्या अर्थानें उपस्थित होतो तो त्याहून मोठ्या, मध्यभागीं टोपी असलेल्या काडतुसांत. जसपाल राणा यांनीं १९९४ व २००६ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदकें जिंकलीं तो ‘सेंटर फायर’ पिस्तुलाचा प्रकार यांतला होय.

निवडींत पहिला प्रश्न व्यासाचा. आणि येथेंच नवशिक्या फसतो. नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा, ही म्हण काडतुसांच्या नांवांस तंतोतंत लागू पडते. ज्यास ‘अडतीस’ म्हणतात त्याची गोळी ०.३८ इंचाची नसून ०.३५७ ते ०.३५८ इंचाची असते. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची कवचाची गोळी ०.३५५ इंच. या दोहोंत फरक केसाएवढा. पण तेवढ्यानेंही अनर्थ होतो. नळी आंतून चर पाडलेली असते. त्या चरांत गोळीनें घट्ट बसून फिरत बाहेर पडावें, म्हणजे ती सरळ जाते. साध्या शिशाची गोळी चरांच्या व्यासाहून सुमारें हजारांश इंचानें मोठी घेतात. ती लहान असली तर तापलेला वायु तिच्या कडेनें निसटतो, शिसें वितळवून नळीला फांसतो, आणि नेम बिघडतो. म्हणून नांवावर न जातां आपल्या नळीचें माप घ्यावें आणि मग दुकानाची पायरी चढावी.

दुसरा प्रश्न धातूचा. शुद्ध शिसें फार मऊ. तें जोराच्या बारास टिकत नाहीं. म्हणून त्यांत कथील व अँटिमनी मिसळून तें कठीण करतात; एका प्रसिद्ध मिश्रणांत शंभर भागांपैकीं नव्वद शिसें, पांच कथील व पांच अँटिमनी असतें. आपले रसशास्त्रज्ञ शिशास नाग व कथलास वंग म्हणत. तेव्हां ही गोळी नाग-वंगाचीच म्हणावयाची. तिच्या अंगावरील खांचांत मेणासारखें वंगण भरतात. हें वंगण आपल्या इतिहासास चांगलेंच परिचित आहे, कारण १८५७ सालचा वणवा एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसाच्या कागदास लावलेल्या चरबीच्या संशयावरूनच भडकला. शिशाच्या गोळीवर तांब्याचा पातळ मुलामा दिला, तर नळी कमी घाण होते. आणि शिशाभोंवतीं तांब्याच्या मिश्रधातूचें पुरें कवच चढविलें, तर मोठा वेगही सोसतो. किंमत याच क्रमानें चढत जाते. मंद बाराच्या रिव्हॉल्व्हरास साधी शिशाची गोळी पुरते. आपोआप भरणाऱ्या, वेगवान पिस्तुलास मुलाम्याची किंवा कवचाची बरी. आंतरराष्ट्रीय पिस्तूल-स्पर्धांत मात्र कवचाची गोळी चालत नाहीं. ती शिशाची अगर तशाच मऊ द्रव्याची असावी लागते.

तिसरा प्रश्न आकाराचा. गोल नाकाची गोळी पिस्तुलांत अडखळत नाहीं, म्हणून नवशिक्यानें तीच घ्यावी. सपाट तोंडाची गोळी कागदी लक्ष्यास कागदपंचाप्रमाणें स्वच्छ भोंक पाडते. गोल नाकाची कागद फाडते. स्पर्धेंत भोंक आंतल्या वर्तुळाच्या रेषेस नुसतें टेंकलें तरी वरचा गुण मिळतो. म्हणून फाटक्या भोंकापेक्षां कापीव भोंक वादास जागा ठेवीत नाहीं. परंतु ही सपाट गोळी बहुतेक आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांत नीट चढत नाहीं. ती रिव्हॉल्व्हरासाठीं किंवा मुद्दाम तिच्यासाठीं घडविलेल्या पिस्तुलासाठीं.

चौथा प्रश्न वजनाचा, आणि जिवाशीं गांठ आहे ती येथें. गोळीचें वजन ग्रेनमध्यें मोजतात. जुन्या माणसांस हें अवघड नाहीं : सरकारी तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे .३२ च्या रिव्हॉल्व्हराची ९८ ग्रेनांची गोळी अर्ध्या तोळ्याहून थोडी अधिक; नऊ मिलिमीटरची नित्याची गोळी ११५ किंवा १२४ ग्रेन; ‘अडतीस’ची १५८ ग्रेन, तोळ्यास थोडी कमी; आणि ‘पंचेचाळीस’ची २३० ग्रेन, सव्वा तोळ्याहून थोडी जास्त. आतां जड गोळी हलण्यास वेळ लावते. बहुधा ती लांबही असते, म्हणून पुंगळींत खोल बसते आणि दारूची जागा कमी करते. दोन्ही कारणांनीं आंतील दाब वाढतो. हलक्या गोळीस योग्य असलेली दारू जड गोळीमागें घातली, तर हातांतलें पिस्तूल फुटूं शकतें. उलट दारू फार कमी पडली, तर गोळी नळींतच अडकून राहते, आणि ध्यानांत न येतां दुसरा बार झाडला तर नळी फाटते. पहिल्यांत लोभ व दुसऱ्यांत काटकसर हीं कारणें असतात, परिणाम एकच. यास्तव नियम असा : गोळी बदलली कीं हिशेब नवा. वजन तेंच पण धातु वेगळा, किंवा धातु तोच पण लांबी वेगळी, तरीही हिशेब नवा. दारूचें माप कारखानदारांच्या छापील कोष्टकांतूनच घ्यावें, आणि तेंही कोष्टकांतील आरंभीच्या आंकड्यापासून; मित्राच्या तोंडून कधींही घेऊं नये.

या सर्वांचें सार नवशिक्यास एका वाक्यांत सांगावयाचें तर असें : एकच काडतूस, एकच मध्यम वजन, गोल नाक, नामांकित कारखान्याची तयार गोळी, आणि जिच्यासाठीं छापील कोष्टकांत स्पष्ट आंकडे आहेत अशीच. पांच तऱ्हांच्या पांच डब्या आणण्यापेक्षां एका तऱ्हेच्या पांच डब्या आणाव्या. व्याकरण शिकणारा मुलगा आधीं एकच ‘राम’ शब्द सातही विभक्तींत घोंकतो. त्यानें पहिल्याच दिवशीं दहा शब्द चालविले, तर एकही धड येत नाहीं. स्वतः शिसें ओतण्याचा मोह तर पहिलीं कांहीं वर्षें दूरच ठेवावा.

कारण शिसें केवळ नळीच्या पुढें असलेल्यासच मारतें असें नाहीं. आपल्या आयाबहिणींस कल्हईचा अनुभव आहे. कथलांत शिसें मिसळणारा कल्हईवाला घरांत विष कालवितो, हें त्या जाणतात. काडतुसें भरणाराच्या घरांत तेंच शिसें दोन वाटांनीं शिरतें. गोळी हाताळल्यानें तें बोटांस लागतें. आणि बहुतेक टोप्यांतील स्फोटक द्रव्यांतही शिसें असल्यामुळें झाडलेल्या पुंगळ्या साफ करतांना त्याची धूळ उडते. मोठ्या माणसापेक्षां लहान मूल तें अधिक शोषून घेतें, आणि त्याच्या बुद्धीच्या वाढीस तें घातक ठरतें. मुलांच्या रक्तांतील शिशाचें अमुक प्रमाण निर्धोक, असें जागतिक आरोग्य संघटनाही मानीत नाहीं. म्हणून हें काम स्वयंपाकघरांत, माजघरांत किंवा मुलें खेळतात तेथें होतां कामा नये. कामाची खोली वेगळी व हवेशीर असावी. तेथें खाणेंपिणें नसावें. धूळ कोरड्या केरसुणीनें न झाडतां ओल्या फडक्यानें पुसावी. हात साबणानें धुवावे. अंगावरचे कपडे वेगळे धुवावे. एकदां शिसें वितळविलेलें भांडें पुन्हां चुलीवर चढूं नये. सोंवळें-ओंवळें पाळलेल्या घरांस हें शिकविण्याची गरज नाहीं. येथें त्यास शास्त्राचा भक्कम आधार आहे, एवढेंच.

अखेरची गोष्ट विवेकाची. १८९० नंतरच्या दशकांत सरहद्दीवरील लढायांत पुऱ्या कवचाची गोळी शत्रूस पुरेशी रोखीत नाहीं, अशी इंग्रजी सैन्याची तक्रार झाली. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले यांनीं कवचाचें टोंक उघडें ठेवलेली गोळी काढली. ती शरीरांत शिरतांच पसरून भयंकर जखम करी. १८९९ सालीं हेग येथील परिषदेनें युद्धांत पसरणाऱ्या गोळीचा त्याग करण्याची घोषणा केली, आणि आपल्या देशांतील एका गांवाचें नांव जगाच्या शब्दकोशांत निंद्य अर्थानें जाऊन बसलें. टोंकावरचें तांबें थोडें कमी-अधिक, यांत केवढें अंतर पडलें पाहा! व्यास, धातु, आकार व वजन हे चारही प्रश्न गणिताचे आहेत. परंतु ही गोळी कशासाठीं, हा पांचवा प्रश्न त्या चारांच्या आधींचा आहे. कागदाच्या लक्ष्यावर चित्त एकाग्र करण्यासाठीं, असें ज्याचें उत्तर निःशंक असेल, त्यानेंच पुढील चार प्रश्नांकडे वळावें.