आधी निदान, मग दुरुस्ती

पहाटे टॅक्सीचालक किल्ली फिरवतो. इंजिन दोन-तीनदा अडखळते, सारी गाडी थरथरते आणि इंजिन कसेबसे सुरू होते. परंतु अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढताच ते बंद पडते. ज्याचा संसार मोटारीवर चालतो, त्याचा अशाने दिवस बुडतो. या बिघाडात धोकाही असतो. बहुतेक पेट्रोल मोटारींत ब्रेक दाबण्यास चालत्या इंजिनातील निर्वाताचे साहाय्य मिळते. इंजिन बंद पडल्यावर हे साहाय्य पेडल एक-दोनदा दाबेपर्यंतच टिकते. स्टिअरिंगही जड होते. म्हणून चालती गाडी बंद पडल्यास ब्रेक वारंवार न सोडता नेटाने दाबून ठेवावा, धोक्याचे दिवे लावावेत आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी.

अशा गाडीची दुरुस्ती पुष्कळदा अंदाजाने सुरू होते. आज बॅटरी बदलली जाते, उद्या प्लग, परवा पंप. पैसा खर्च होतो आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो. हे टाळण्यासाठी इंजिनाचे कार्य समजून घेणे आवश्यक असते.

जर्मनीतील निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली चार धावांचे इंजिन यशस्वी केले. आजचे पेट्रोल इंजिन त्याच तत्त्वावर चालते. त्याला चार गोष्टी लागतात : हवा, इंधन, सिलिंडरमधील दाब आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. एक ग्रॅम पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा आवश्यक असते. पूर्वी हे प्रमाण कार्ब्युरेटर राखत असे. आजच्या मोटारींत ते काम संगणक करतो. तो संवेदकांकडून तापमान, हवा आणि वेग यांची माहिती घेतो व त्यानुसार पेट्रोल सोडतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. इतक्या संथ गतीत थोडी उणीवही त्याला सोसत नाही. म्हणूनच वेगात न जाणवणारा दोष गाडी सुरू करताना किंवा सिग्नलला थांबताना उघड होतो.

निदानाची पहिली पायरी म्हणजे प्रश्न विचारणे. गाडी केव्हा बंद पडते? केवळ थंड असतानाच त्रास होत असल्यास तापमानाच्या संवेदकाकडे लक्ष द्यावे. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्यामुळे त्याला अधिक पेट्रोल लागते. इंजिन गरम असल्याची चुकीची माहिती संवेदकाने दिली, तर पेट्रोल अपुरे पडते. गाडी तापल्यावरच बंद पडत असेल आणि निवल्यावर पुन्हा चालत असेल, तर इग्निशन कॉइल किंवा क्रँकशाफ्टचा संवेदक उष्णतेने काम सोडत असण्याचा संभव असतो. चढावर बळ कमी पडत असेल, तर पेट्रोलचा फिल्टर तुंबला आहे का किंवा पंप क्षीण झाला आहे का, हे पाहावे.

दुसरी पायरी म्हणजे सोप्या तपासण्या आधी करणे. पूर्ण भारलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर मंद फिरत असल्यास बॅटरी व तिच्या तारांची टोके तपासावीत. इंजेक्शनच्या अनेक मोटारींत किल्ली अर्धी फिरवताच मागील बाजूने एक-दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते; ती येत नसल्यास फ्यूज आणि पंपाची जोडणी पाहावी. प्लगचा रंगही पुष्कळ सांगतो. फिकट तपकिरी रंग चांगल्या ज्वलनाचा असतो, कोरडी काळी काजळी जादा पेट्रोलची खूण असते, तर पांढुरका प्लग पेट्रोल कमी पडल्याचे सुचवतो. रबरी नळीला तडा गेल्यास तेथून हवा आत शिरते आणि सुसकारा ऐकू येतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटला असल्यास स्कॅनर लावून दोषसंकेत वाचावा. मात्र हा संकेत दोषाची दिशा दाखवतो. तेवढ्यावरून भाग बदलू नये.

आता त्या टॅक्सीकडे वळू. बॅटरी आणि प्लग नवे घालूनही तिचा दोष गेला नाही, असे समजू. चालकाच्या बोलण्यातला एक तपशील येथे मोलाचा ठरतो : अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून ठेवला, की गाडी बंद पडत नाही. याचा अर्थ ठिणगी आणि पेट्रोल मिळत आहे. पाय काढल्यावर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते आणि हवा अगदी अरुंद फटीतून जाते. त्या फटीत तेलाच्या वाफेची काजळी साचली, की इंजिन गुदमरते. कुशल मेकॅनिक हवेची नळी काढून झडप पाहतो. काजळी आढळल्यास इंजिन बंद ठेवून योग्य द्रावणाने व मऊ कापडाने ती पुसतो. विजेवर चालणारी झडप तो बोटाने जोर लावून उघडत नाही. काही मोटारींत त्यानंतर संगणकाला झडपेची स्थिती पुन्हा ओळखून द्यावी लागते. एवढ्याने गाडी स्थिर चालू लागते आणि नवा भाग एकही लागत नाही.

हे काम करताना सावधगिरी हवी. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला गंधही नसतो. पेट्रोलजवळ विडी-काडी नसावी. इंजिन चालू असताना प्लगच्या तारा उपसू नयेत, कारण जबर विजेचा धक्का बसू शकतो.

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. मेकॅनिकनेही चालकाचे ऐकावे, यंत्र तपासावे आणि कारण सापडल्यावरच पाना उचलावा. त्यामुळे गाडीवाल्याचा पैसा वाचतो आणि कारागिरावरचा विश्वास वाढतो.